उद्याच्या कॅमेऱ्याची लेन्स

लेन्स आपटली बुधवारी, दुपारी सव्वाबाराला, आणि आपटताना फारसा आवाजही झाला नाही. पासपोर्टच्या फोटोसाठी आईच्या मांडीवर बसवलेल्या तान्ह्या पोरीनं कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा मुठीत धरून असा हिसडला की तिपाई कलंडली. कॅमेरा भावजयीनं पडता पडता झेलला, पण लेन्सचं नाक स्टुलाच्या कडेवर बसलंच. पोरगी खुदकन हसली, आई कानकोंडी झाली. भावजयीनं लेन्सची कडी फिरवून पाहिली. ती अर्ध्यावर येऊन अडली आणि आत काहीतरी खळखळलं.

"खुळखुळा झालाय त्याचा," काउंटरमागून नणंद म्हणाली. "त्या पोरीलाच देऊन टाक."

भावजय हसली नाही. शनिवार तीन दिवसांवर आला होता.

स्टुडिओ नणंद-भावजयीचा. दीड खोल्यांचा. पुढे काउंटर, मागे निळा आणि पांढरा असे दोन पडदे, कोपऱ्यात नणंदेचा संगणक आणि प्रिंटर. भावजय फोटो काढायची. नणंद ते कापायची, निगुतीनं साफ करायची, कुणाच्या कपाळावरचा घाम पुसायची, कुणाची वाकडी कॉलर सरळ करायची. नणंद पन्नाशीची, भावजय पस्तिशीची. दोघींना जोडणारा माणूस, म्हणजे एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा, जहाजावर रंगारी होता आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. तो घरी आला की दोघी मिळून त्याच्याच खोड्या काढायच्या, म्हणून तो म्हणायचा, मी समुद्रावरच बरा.

पण अलीकडे पासपोर्टचे फोटोसुद्धा लोक भिंतीपाशी उभे राहून फोनवरच काढायला लागले होते. दिवसाची चार गिऱ्हाइकं आली तरी दोघी एकमेकींकडे बघून भुवया उंचावायच्या. शेवटी नणंदेनं मागच्या आठवड्यात एका इस्पितळात अर्ज टाकला आणि नोंदणीच्या खिडकीवरची नोकरी तिला मिळालीसुद्धा. होय की नाही ते शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत कळवायचं होतं.

"हे बघ, वहिनी," ती म्हणाली होती, "त्या नाचवाल्या बाईंचं काम मिळालं तर मी इथेच. नाही मिळालं तर मी खिडकीवर. मग तू एकटीनं हे दुकान ओढू नकोस, कंबर मोडून घेशील. कुलूप लावू. आणि रुसायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

नाचवाल्या बाईंचं नृत्यपथक वर्षभराच्या दौऱ्यावर निघणार होतं. सोबत फोटोवाला हवा होता. भावजयीला आणि आणखी एका फोटोवाल्याला चाचणीसाठी बोलावलं होतं. शनिवारी सकाळी दहाला तालमीच्या खोलीत यायचं, फ्लॅश वापरायचा नाही, पाचच्या आत दहा फोटो पाठवायचे, सातच्या आत निकाल. त्या खोलीत उजेड जेमतेम. आणि एकुलत्या एक लेन्सचा आता खुळखुळा झालेला.

म्हणून बुधवारीच संध्याकाळी दोघी काचवाल्या काकांच्या दुकानात गेल्या. हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील एवढं दुकान, आणि फळ्या फळ्यांवर जुन्या-नव्या लेन्स घुबडांसारख्या डोळे वटारून बसलेल्या.

"आधी पैसे किती ते सांगा, मग स्वप्न सांगा," काका म्हणाले. "उलटं सांगणारी गिऱ्हाइकं मला रडवतात."

नणंदेनं आकडा सांगितला. काकांनी डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळानं एकच उघडला. "बरं. आता स्वप्न?"

"पुढच्या वर्षी मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचा," भावजय म्हणाली. "आज घेतलेली लेन्स त्यालाही चालायला हवी."

"आणि शनिवारी?" नणंदेनं विचारलं. "शनिवारी चालायला नको का?"

काकांनी दोन खोकी पुढे ठेवली. एकावर पस्तीस आकडा, दुसऱ्यावर पन्नास. पस्तीसची कोरी करकरीत. पन्नासची वापरलेली, पण काच निर्मळ. किंमत जवळपास सारखीच, आणि मंद उजेडातही दोन्हींना चांगलं दिसायचं.

"ऐका," काका म्हणाले. "लेन्स आत जो उजेड टाकते ना, तो गोल असतो. ही पस्तीसची तुमच्या आत्ताच्या लहान सेन्सरपुरताच गोल टाकते. मोठ्या कॅमेऱ्याला लावाल तर चारी कोपरे काळे. काजळ सांडल्यासारखे. म्हणजे नवा कॅमेरा आला की ही विकायची. पन्नासची मोठा गोल टाकते, ती तुमच्याबरोबर जन्मभर येईल. पण आज तुमच्या लहान कॅमेऱ्यावर त्या गोलातला नुसता मधलाच भाग उतरणार. कडेचं सगळं वाया. समोर दहा माणसं असली तर पस्तीसच्यात दहाही मावतील, हिच्यात सहाच."

"मग मागे सरकायचं," भावजय म्हणाली.

"मागे जागा असेल तर सरकायचं," काका म्हणाले.

"पस्तीसची द्या," नणंद म्हणाली. "वहिनी, कॅमेरा घरात आलेला नाही आणि त्याची लेन्स आधी? न झालेल्या बाळाला शाळेचा गणवेश शिवतेस?"

"ताई, दर वेळी आपण आजचंच घेतो. आजचा दिवा, आजचा पडदा, आजची तिपाई. दुसऱ्या वर्षी सगळं निरुपयोगी. असं करत करत मोठा कॅमेरा कधी येणारच नाही."

"काम मिळालं नाही तर तसाही येणार नाही."

हे खरं होतं. काका कापडानं काउंटर पुसत राहिले. पुसून पुसून लखलखीत झालेलं काउंटर त्यांनी आणखी एकदा पुसलं. मग हळूच म्हणाले, "पन्नाससाठी एकजण सातला येतोय. मी घाई करत नाही हं. नुसतं सांगतो."

भिंतीवरच्या घड्याळात सातला आठ मिनिटं कमी होती. भावजयीनं पन्नासची लेन्स कॅमेऱ्याला लावली, दुकानाच्या दारातून रस्ता पाहिला. समोरच्या शिंप्याचं दुकान जवळ आल्यासारखं दिसलं. मशीनवर वाकलेला शिंपी, त्याच्या ओठांतली टाचणी, आणि मागचा सगळा पसारा लोण्यासारखा विरघळलेला.

"हीच," ती म्हणाली.

नणंदेनं पाकीट उघडलं. नोटा दोनदा मोजल्या आणि काउंटरवर ठेवल्या.

"शुक्रवारी साडेसातपर्यंत बदलून देईन," काकांनी पावती फाडत सांगितलं. "शनिवारी मी लेकीकडे जातो. शनिवारी मात्र देव आला तरी दुकान बंद."

गुरुवारी दोघी परवानगी काढून तालमीची खोली बघून आल्या. खोली कसली, लांबच लांब दालनच. एका लांब भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, समोरच्या भिंतीला उंचावर बारक्या खिडक्या, आणि मधे मोकळी लाकडी जमीन, पावलांनी घासून घासून मऊ झालेली. भावजय पावलं मोजी, नणंद आकडा धरी. आरशापासून समोरच्या भिंतीपर्यंत नऊ पावलं. आणि लांबीत? बावीस.

"बावीस!" भावजयीचा आवाज दालनभर घुमला.

तिनं पाच खुर्च्या मांडल्या, एकेक नाचणारी समजून. चौदा पावलांवर उभी राहिली, कॅमेरा डोळ्याला लावला. पाचही खुर्च्या मावल्या. मधल्या खुर्चीशी नणंद हात वर करून उभी राहिली, तीही नखशिखांत मावली.

"पन्नाशीची बाई पन्नासच्या लेन्समध्ये," नणंद म्हणाली. "माप बरोबर बसलं की गं." आणि मग, ओवीच्या चालीवर, उगीचच, "पन्नासाची काच आली पस्तिशीच्या हाती, नणंदेच्या जिवाची गं होते मातीमाती."

भावजय हसली. लेन्स आपटल्यापासून पहिल्यांदा.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता नणंद रिकामं खोकं घेऊन दारात उभी राहिली. "शेवटचं विचारते. अजून अर्धा तास आहे. पळत गेले तर पोचते."

भावजयीनं हातातल्या लेन्सकडे पाहिलं. मग नणंदेकडे. बावीस पावलं, ती मनात म्हणाली. चौदा पुरतात. आठ शिलकीत आहेत.

"राहू दे," ती म्हणाली.

नणंदेनं खोकं फळीवर ठेवलं. साडेसात वाजून गेले तेव्हा दोघींनीही घड्याळाकडे पाहिलं, आणि दोघींनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

शनिवारी भावजय पावणेदहालाच दालनाच्या दारात पोचली आणि तिथेच थबकली.

बावीस पावलांतली निम्मी जागा गायब झाली होती. दालनाच्या अर्ध्या भागात लाकडी पेट्या छातीइतक्या रचलेल्या, त्यांवर गुंडाळलेले पडदे, उलटे ठेवलेले चौथरे, दोऱ्यांची वेटोळी. दौऱ्याचं सामान दुरुस्तीहून एक दिवस आधीच परत आलं होतं. मोकळी जागा मोजून मोजून मोजली तरी लांबीला दहा पावलं, आणि तीही नाचणाऱ्यांची.

"फोटोवाल्यांसाठी कोपरे आखलेत," नाचवाल्या बाई म्हणाल्या. उंच, काटक बाई, हातात ताल धरायला छडी. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन चौकोन होते. एक आरशाला लागून, पुढच्या कोपऱ्यात. दुसरा मागे, खिडक्यांच्या भिंतीपाशी. "मुली गिरक्या घेतात. मागच्या वेळी एका फोटोवाल्याचं नाक फुटलं आणि मुलीचं मनगट. नाकाचं मला काही वाटलं नाही. पट्टीच्या बाहेर पाय पडला तर तालीम थांबणार, आणि तुमचं कामही."

पुढचा चौकोन आधीच भरला होता. त्यात एक दाढीवाला उभा होता. गळ्यात मोठा कॅमेरा, त्याला हातभर झूम लेन्स, लांबवा, आखडवा, हवं ते करा. तो साडेनऊलाच आला होता.

"लवकर येणाऱ्याला पुढची जागा," तो गोड हसून म्हणाला. "तुम्ही मागून छान काढाल. पाठमोऱ्या आकृत्यांना एक वेगळीच मजा असते."

"तुमच्या नाकाला जपा," भावजय म्हणाली आणि मागच्या चौकोनात जाऊन उभी राहिली.

पाच मुली आल्या. आरशाकडे तोंड करून ओळीत उभ्या राहिल्या. छडी जमिनीवर आपटली. एक, दोन, तीन, आणि पाचही अंगं एकदम पाण्यासारखी वळली.

भावजयीनं कॅमेरा डोळ्याला लावला. सगळ्यात जवळची मुलगी चार पावलांवर. लेन्समध्ये तिची पाठ मावली, मानेवरचा घाम मावला, खांद्याचं हाड मावलं. हात वर गेला की बोटं बाहेर, आणि पाय तर नाहीतच. तिनं कॅमेरा उभा धरला. डोकं आलं, गुडघे आले, पावलं गेली. नाचाचे फोटो, आणि त्यात पावलं नाहीत! पाठ भिंतीला टेकवली, टाचा भिंतीत रुतवल्या, श्वास आत ओढून घेतला, जणू तेवढ्यानं वीतभर जागा मिळणार होती. नाही मिळाली. ती खाली बसली, मग अंगाचं मुटकुळं करून जवळजवळ आडवीच झाली. पावलं आली, डोकी गेली. आणि काहीही केलं तरी चेहरे नव्हतेच. पाचही चेहरे पलीकडे.

समोरच्या कोपऱ्यातून दाढीवाल्याचा कॅमेरा खटखट खटखट वाजत होता. अर्ध्या तासात तिनं सत्तर फोटो काढले, आणि त्या सत्तरांत एकही पुरी बाई नव्हती.

बाईंनी दहा मिनिटांची सुट्टी दिली. भावजय बाहेर जिन्यात आली आणि तिनं फोन लावला.

"ताई, मावत नाही."

पलीकडे प्रिंटरची घरघर ऐकू आली. "किती मावतंय?"

"गुडघ्यापर्यंत. तेही पाठमोऱ्या. निम्म्या दालनात सामान भरलंय, कोपरा सोडायचा नाही म्हणतात." ती जिन्याच्या पायरीवर बसली. "तुम्ही म्हणत होता तेच खरं. पस्तीसची असती तर निदान पाय..."

"पस्तीसची आज लेकीकडे गेलीय काकांबरोबर," नणंद म्हणाली. "ती सोड. अजून वेळ किती आहे?"

"अर्धा तास."

"मग फोनवर काय करतेस?" आणि ठेवून दिला.

'मी सांगितलं होतं' असं नणंद म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

ती परत चौकोनात आली. मुली पुन्हा उभ्या राहिल्या. भावजयीनं कॅमेरा छातीशी धरला आणि नुसतंच समोर पाहिलं. समोर आरसा होता. आरशात एक बाई भिंतीला चिकटून उभी होती, हातात कॅमेरा, तोंड उतरलेलं. केवढीशी दिसत होती ती. किती लांब होती!

लांब.

भावजय मनात पावलं मोजायला लागली. आपण आरशापासून नऊ पावलं. आरशातली आपण त्याच्याही आत आणखी नऊ. मग आरशातल्या मुली? इथून आरशापर्यंत नऊ, आरशापासून मुलींपर्यंत पाच. चौदा! मोजून चौदा, तिरक्या नजरेत थोडी जास्तच. आणि तिथे त्या सगळ्या तिच्याकडे तोंड करून नाचत होत्या, केसांपासून पावलांपर्यंत.

तिनं मुलींकडे कॅमेरा धरलाच नाही. आरशाच्या मधल्या भागाकडे, तिरका धरला, ओळीतल्या शेवटच्या मुलीच्या खांद्याला वळसा घालून. लेन्स आधी आरशावरच्या बोटांच्या ठशांवर अडली, ठसे लख्ख, मुली धूसर. तिनं फोकसची कडी स्वतः फिरवली, केसभर, आणखी केसभर. ठसे विरले. पाच मुली आरशाच्या पोटातून वर आल्या.

पाचही मावल्या. डाव्या हाताला जागा उरली.

आणि मग तिला चेहरे दिसले. दाढीवाल्याच्या कोपऱ्याकडे वळताना मुली हसत होत्या. लोकांसमोर हसायचं असतं तसं, दात दाखवून. पण आरशात बघताना त्यांना फोटोवाल्यांचं भान नव्हतं. एकीनं खालचा ओठ चावला होता. एकीच्या तोंडातून जिभेचं टोक आलं होतं, मात्रा मोजताना. थोरली, पोक्तशी, स्वतःच्या उजव्या हाताकडे असं बघत होती की जणू तो हात कुणा शेजारणीचा आहे आणि उसना नेऊन बिघडवून आणलाय. भावजयीनं खटका दाबला. थांबली. मात्रा ऐकली, एक दोन तीन, आणि तिसऱ्यावर पुन्हा दाबला.

छडी आपटली. नाच थांबला.

"मागच्या कोपऱ्यातल्या," बाई म्हणाल्या. "तुमचा कॅमेरा भिंतीकडे का? मुली इकडे आहेत."

दाढीवाल्यानं मान तिरकी करून पाहिलं, आणि त्याच्या मिशीखाली हसू हललं.

"मुलींकडेच आहे, बाई. आरशातून."

"आरशातून," बाई म्हणाल्या. पट्टीच्या चौकोनाकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं. पाय पट्टीच्या आतच होते. "हं. पहिल्यापासून. एक, दोन..."

स्टुडिओत येईस्तोवर बारा वाजून गेले होते. नणंदेनं हातातून कार्ड घेतलं आणि संगणकाला लावलं. पहिले सत्तर फोटो सरकत गेले, गुडघे, पाठी, कोपरं, नुसती टाळकी. नणंद पुढेच नेत राहिली. एकाहत्तरावा आला आणि तिचा हात थांबला.

"हे घड्याळ बघ," ती थोड्या वेळानं म्हणाली. फोटोत मागच्या भिंतीवरचं घड्याळ आलं होतं, आकडे उलटे. "आरशातला आहे होय? मग उजवं डावं झालंय सगळं. त्या बाई एकेका बोटाचा हिशेब ठेवत असणार. उलटवून घेते."

"घ्या. पटकन."

दोघी कामाला लागल्या. एकेक फोटो उलटवायचा, आरशावरचे डाग पुसायचे, अंधारातली पावलं थोडी उजळायची. बोटांचे ठसे पुसायला नणंदेइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. एकदा गिऱ्हाईक आलं, चार पासपोर्ट फोटो मागायला, तर नणंद वर न बघता म्हणाली, "उद्या या," आणि गिऱ्हाईक गेल्यावर स्वतःच दचकली. इतक्या वर्षांत असं तिनं कुणाला म्हटलं नव्हतं.

सातव्या फोटोत थोरली होती, स्वतःच्या हाताला रागावलेली. नणंदेनं तो उलटवला, डाग पुसले, उजेड लावला. सगळं झालं तरी पुढे गेली नाही. गालाखाली हात घेऊन बसून राहिली.

"ताई, काय चुकलंय त्यात?"

"काही नाही. तू हो पुढे, दारात उभी राहा जरा. माझा उजेड अडवतेयस."

चार चाळीसला दहा फोटो गेले. मग वाट बघणं. पाच वाजले, साडेपाच वाजले. भावजयीनं निळा पडदा उतरवून झटकला, पुन्हा लावला. स्टुलं पुसली. फोन उताणा ठेवला, पालथा ठेवला, परत उताणा ठेवला. मनाशी म्हणाली, मिळालं नाही तर मी आधी सांगेन की चूक माझी होती. मग म्हणाली, सांगून काय होणार, कुलूप तेच.

साडेसहाला नणंद उठली. स्वतःचा फोन घेतला, चष्मा लावला, आकडे जुळवले.

"इस्पितळ का? नोंदणीचे साहेब आहेत? हो, मीच. सोमवारपासून रुजू होण्याचं विचारत होतात ना. नाही जमणार मला. नाही, दुसरीकडे नाही. माझं इथं काम आहे. आभारी आहे."

भावजय कपड्याचा बोळा हातात घेऊन तशीच उभी. "अहो ताई! अजून बाईंचा फोन आलेला नाही!"

"माहितेय."

"नाहीच म्हणाल्या तर?"

"तर नाही म्हणाल्या." नणंदेनं चष्मा काढून पदराला पुसला. "आता नाही केला असता फोन, तर बाईंचं ऐकून केला असता. बाई हो म्हणाल्या म्हणून राहिले, नाही म्हणाल्या म्हणून गेले, असं झालं असतं. तो सातवा फोटो बघून मी त्या खिडकीत जाऊन बसले असते ना, तर रोज येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरले असते. आजारी माणसं बिचारी, त्यांना आधीच ताप."

"आणि कुलूप? कंबर? सगळं सांगत होतात मला."

"बोलले होते. आता ओरडू नकोस, फोन वाजतोय."

फोन खरंच वाजत होता. सातला पाच कमी. भावजयीनं तो उचलला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला.

"आरशातल्या तुम्हीच ना?" बाई म्हणाल्या. "दौरा मी दाढीवाल्यांना दिला आहे. आधी ते सांगते, टांगून ठेवणं मला आवडत नाही. पोस्टरला लागतात तसे फोटो आहेत त्यांचे, हसरे, स्वच्छ. तुमच्यातला एकही पोस्टरवर चालणार नाही."

भावजयीनं डोळे मिटले. नणंदेचा हात तिच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

"ऐकताय ना? मी अठरा वर्षं शिकवतेय. मुली लोकांकडे बघून कशा हसतात ते जगानं पाहिलंय. स्वतःला रागे भरतात, ते फक्त मी बघते. थोरलीला तो फोटो दाखवला, तर म्हणाली, हा माझा काढू नका, आणि दोन मिनिटांनी म्हणाली, मला एक द्या." बाई थांबल्या. "दौरा निघायच्या आधी एक नवा नाच बसवायला घेतेय, सोमवारपासून. सहा महिने तालीम, आठवड्यातून तीन सकाळी. त्याचं पुस्तक करायचं मनात आहे. दौऱ्याइतके पैसे नाहीत त्यात, निम्मेही नसतील. याल का?"

भावजयीनं नणंदेकडे पाहिलं. नणंदेनं होकाराची मान हलवली, इतक्या जोरात की चष्मा घसरला.

"येईन," भावजय म्हणाली.

"मोठा कॅमेरा वगैरे घेणार आहात का? दाढीवाले म्हणत होते, तुमचा फार लहान आहे."

निम्म्या पैशात मोठा कॅमेरा पुढच्या वर्षी येत नव्हता, हे भावजयीला आकडेमोड न करताही कळत होतं. आणि काकांचं बोलणं आता कुठे उमगलं: मोठ्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स कडेचं सगळं घेईल. पेट्या घेईल, दोऱ्या घेईल, आणि मधल्या मुली बारीक होऊन जातील.

"घेणार आहे, बाई. इतक्यात नाही."

"माझी हरकत नाही."

"फक्त एक विचारायचं होतं. माझा कोपरा..."

"तोच. पट्टी मी काढलेली नाही." आणि फोन बंद.

दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. नणंदेनं एकदा नाक ओढलं, मग संगणकाच्या खुर्चीत धपकन बसली.

"वहिनीबाई," ती म्हणाली, "सोमवारी किती वाजता जायचं ते विचारलंस का?"

भावजयीनं कपाळाला हात लावला आणि परत फोन लावला.